युनोभाऊ

महाराष्ट्रात तळेगावांना तोटा नाही. पुण्याकडे दाभाड्यांचं एक आहे, ढमढेऱ्यांचं एक आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात दशासर आहे. त्यामुळे वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावाला आपली ओळख कंसात घालून हिंडावं लागतं : तळेगाव (श्यामजी पंत). पेपरवाले तेवढीही जागा देत नाहीत, 'तळेगाव (शा.पं.)' छापून मोकळे होतात. या कंसाची गावात कोणाला लाज नव्हती आणि अभिमानही नव्हता. अभिमान युनोभाऊने आणला.

"जगात दोन काँगो आहेत," बसस्टँडजवळच्या टपरीवर त्याने एकदा जाहीर केलं. "एकाला अभ्यासक काँगो (ब्राझाव्हिल) लिहितात, दुसऱ्याला काँगो (किन्शासा). कंस हा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे."

टपरीवाल्याने पोह्यावर तर्री ओतता ओतता विचारलं, "मंग आपलं पार्सल जसं दाभाड्याले जाते, तसं त्याईचंही जाते का?"

युनोभाऊने हा प्रश्न वहीत टिपून घेतला. तो सगळेच प्रश्न टिपून घेतो.

त्याचं हे नाव पडलं रस्त्यावरून. नागपूर-अमरावती महामार्ग आमच्या गावातून जातो. आधी तो सहा नंबरचा होता, आता त्रेपन्न नंबरचा आहे. ट्रकवाल्यांसाठी तो रायपूरचा रस्ता, संत्रावाल्यांसाठी नागपूरच्या मंडीचा, आणि आमच्यासाठी बायपासवर वळताना जीव मुठीत धरण्याचा. युनोभाऊने एम.ए.ला गेल्यावर शोध लावला की हाच रस्ता आशियाई महामार्ग क्रमांक ४६ आहे, आणि आशियाई महामार्गांचं जाळं ही संयुक्त राष्ट्रांची १९५९ पासूनची योजना आहे. माहिती शंभर टक्के खरी. पण तो ती ज्याला त्याला सांगत सुटला : "युनोचा रस्ता आपल्या दारातून जातो." एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग युनोले सांग ना, गतिरोधक टाकून द्या म्हणा." त्या दिवसापासून तो युनोभाऊ झाला. त्याच्या रेशनकार्डावरचं नाव आता फक्त त्याच्या मायला आणि परीक्षा विभागाला आठवतं.

असा माणूस प्रत्येक तालुक्यात एक असतोच. तिशीच्या आसपास, पाठीवर सॅक, सॅकमध्ये चार्जर, दोन दिवसांपूर्वीचा इंग्रजी पेपर आणि घरून दिलेला डबा. एम.ए. राज्यशास्त्र, त्यातही आंतरराष्ट्रीय राजकारण हा खास विषय. नेट एकदा थोडक्यात हुकलेली, सेट निघालेली, आणि आता कुठल्याशा महाविद्यालयात घड्याळी तासिकेवर शिकवणं. तासिकेचे पैसे कधी येतात ते व्हिएन्ना कराराच्या भाषेत सांगायचं तर 'उभय पक्षांच्या सोयीनुसार'. असा माणूस कुठल्याही प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. आधी म्हणतो, "याला तीन पातळ्या आहेत."

या तीन पातळ्या त्याच्या स्वतःच्या नाहीत. केनेथ वॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन पंडिताने १९५९ साली पुस्तक लिहून सांगितलं की युद्ध का होतं हे तीन ठिकाणी शोधावं : माणसाच्या स्वभावात, राज्याच्या रचनेत आणि सगळ्या राज्यांच्या मिळून बनलेल्या व्यवस्थेत. वॉल्ट्झने हे महायुद्धांसाठी लिहिलं. युनोभाऊ ते लाइट जाण्याला लावतो. रात्री लाइट गेली की अख्खी आळी ओट्यावर येते आणि अंधारातून त्याचा आवाज येतो : "पहिली पातळी वायरमन. दुसरी कंपनी. पण खरं कारण तिसऱ्या पातळीवर आहे."

"तिथं फोन लागते का?" अंधारातूनच कोणीतरी विचारतं.

त्याचं हसू करणं सोपं आहे, आणि आम्ही ते मनसोक्त करतो. पण त्याचे काही सिद्धांत असे चपखल बसतात की हसणाऱ्याची पंचाईत होते. झटका मशीनचंच घ्या. आमच्याकडे रानडुकरांचा आणि रोह्यांचा त्रास इतका की कास्तकाराने पेरावं आणि रात्री दुसऱ्याने जेवावं. म्हणून एकाने वावराभोवती तार ओढून सोलरवर चालणारं झटका मशीन बसवलं. डुकरं शहाणी, ती शेजारच्या वावरात गेली. शेजाऱ्याने त्याहून जबर मशीन आणलं. मग पहिल्याने तारेचे पदर वाढवले. दोघांचं नुकसान थांबलं नाही, खर्च तेवढा वाढला, आणि बोलणं बंद झालं. गावाने याला भाऊबंदकी म्हटलं. युनोभाऊने याला 'सुरक्षेचा पेच' म्हटलं : स्वतःच्या रक्षणासाठी तुम्ही जे करता ते शेजाऱ्याला धोक्याचं वाटतं, तोही तेच करतो, आणि शेवटी दोघेही पहिल्यापेक्षा असुरक्षित होतात. जॉन हर्झने हे १९५० मध्ये मांडलं होतं, शीतयुद्ध नुकतं तापत असताना.

"आणि डुकरं?" मी विचारलं.

"डुकरं तिसऱ्याच्या वावरात गेली. त्याच्याकडे मशीन नाही. त्याला आमच्या शास्त्रात तिसरं जग म्हणतात."

तो तिसरा कास्तकार तिथंच बसून होता. त्याला आपली जगात नोंद झाल्याचा काही विशेष आनंद झालेला दिसला नाही.

युनोभाऊची खरी अडचण त्याच्या विषयाच्या नावात आहे. 'राजकारण' हा शब्द ऐकला की समोरच्याचे कान टवकारतात आणि 'आंतरराष्ट्रीय' त्यांतून गळून पडतो. त्याला मुलगी दाखवायला नेलं तेव्हा मुलीच्या बापाने विचारलं, "पोरगा काय करते?"

मामा म्हणाले, "आंतरराष्ट्रीय राजकारण."

"बरं. पण आर्वीत कोणाकडून आहे?"

युनोभाऊने समजावून सांगायचा प्रयत्न केला की आपण राजकारण करत नाही, त्याचा अभ्यास करतो. मुलीच्या बापाने मान डोलावली आणि बाहेर आल्यावर मामांना म्हटलं, "करत असता तर बरं झालं असतं. दोन पैसे तरी दिसले असते." ते स्थळ फिसकटलं. युनोभाऊच्या वहीत त्याची नोंद आहे : वाटाघाटींची पहिली फेरी, संयुक्त निवेदन नाही.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली. दोन्ही पॅनेलचे लोक त्याच्या घरी आले, कारण जाहीरनामा लिहायला गावात एम.ए. एकच. युनोभाऊने दोघांनाही पोहे खाऊ घालून अलिप्ततेचं धोरण जाहीर केलं. १९६१ साली बेलग्रेडला नेहरू, टिटो, नासर, एन्क्रुमा आणि सुकार्नो कसे एकत्र आले ते सांगितलं. अलिप्त राहणं म्हणजे गप्प राहणं नव्हे हेही सांगितलं. निवडणूक झाली, एक पॅनेल जिंकलं, दुसरं हरलं, आणि दोघांनीही त्याच्याशी बोलणं टाकलं. विजयाची मिरवणूक त्याच्या दारावरून न थांबता गेली. पराभवाची चिंतन बैठक त्याच्याशिवाय झाली.

त्याच्या बाबांना हे फार लागलं. "तुह्या त्या नेहरूले काही भेटलं का तरी?" त्यांनी विचारलं.

"भिलाईचा पोलाद कारखाना रशियाने दिला. पीएल-४८० चा गहू अमेरिकेने दिला."

बाबांनी जरा विचार केला. भिलाई त्यांना माहीत होतं, याच रस्त्याने सरळ गेलं की लागतं. "म्हणजे ते दोन्ही घरी जेवले," ते म्हणाले. "तू दोन्ही घरून उपाशी आला."

आता त्याच्या पीएच.डी.विषयी. त्याला विषय हवा होता संत्रा. मार्गदर्शक म्हणाले, सार्क घे. सार्कवर साहित्य भरपूर आहे, ग्रंथालयात आधीचे प्रबंध आहेत, प्रकरणंही तयार आहेत : स्थापना, उद्दिष्टं, अडचणी, उपाय. युनोभाऊचं म्हणणं, सार्क १९८५ मध्ये ढाक्यात सुरू झाली, तिची शेवटची शिखर परिषद २०१४ ला काठमांडूत झाली, २०१६ ची इस्लामाबादची रद्द झाली आणि मग सगळं बंद. "सर, माणूस गेल्यावर त्याचं चरित्र लिहिता येतं, पण हा माणूस गेला हेच कोणी सांगत नाही." मार्गदर्शकांनी सांगितलं की हे वाक्य निष्कर्षात घालू नको.

संत्रा हा विषय काही लहान नव्हता. आष्टी, कारंजा, आर्वी आणि पलीकडे वरूड-मोर्शी हा सगळा संत्र्याचा पट्टा. आमचा माल बाहेर जातो म्हणजे मुख्यतः बांगलादेशात जातो. त्या देशाने आयातशुल्क वर्षागणिक चढवत नेलं आणि २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ रुपयांवर पोचलं. इकडे बगीच्यात कास्तकाराला किलोमागे जे भेटत होतं, त्याहून जास्त तिकडचं सरकार नुसतं सीमेवर घेत होतं. हे का झालं, याचं उत्तर युनोभाऊकडे होतं. युक्रेनचं युद्ध २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झालं, तेल आणि धान्य महागलं, बांगलादेशाची परकीय गंगाजळी आटायला लागली, मग त्यांनी त्याच वर्षी फळांसारख्या 'नसलं तरी चालेल' अशा मालावर जादा शुल्क लावलं. एका बाजूला किव्ह, दुसऱ्या बाजूला ढाका आणि मधे तळेगाव (श्यामजी पंत). संपूर्ण प्रबंध तयार.

त्या प्रबंधाची पहिली मौखिक परीक्षा त्याच्या घरच्या अंगणात झाली. आंबिया बहाराचा माल झाडावर होता आणि व्यापारी बगीचा पाहायला आला होता. झाडाखालून फिरून आला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "भाऊ, यंदा भाव नाही. ढाक्याकडून उठाव नाही."

बाबांना वाटलं, हा आपल्याला अडाणी समजून काहीही सांगतो आहे. त्यांनी मोठ्या अभिमानाने पोराला हाक मारली. एवढं शिकवलं ते कशासाठी? युनोभाऊ सॅकमधली वही घेऊन आला आणि त्याने बोलायला सुरुवात केली. शुल्क कसं चढत गेलं, टाका कसा घसरला, डॉलरची चणचण, सीमेवर थांबलेले ट्रक, महाराष्ट्र सरकारने निर्यातदारांसाठी अनुदान का जाहीर केलं, आणि येत्या हंगामात शुल्क कमी व्हायची शक्यता का नाही. पाऊण तास बोलला. एक आकडा चुकला नाही. व्यापारी मान डोलावत शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"बराबर," तो म्हणाला. "मले एवढं सांगता नसतं आलं. म्हणून तर मी म्हणून राह्यलो, भाव नाही."

अंगणात शांतता पसरली. बाबांनी पोराकडे जे पाहिलं, त्याला युनोभाऊने नंतर 'राजनैतिक संबंध तोडणे' असं म्हटलं.

बाबा मात्र कच्चे नव्हते. ते उठले, आत गेले, थोड्या वेळाने बाहेर आले आणि म्हणाले, "माह्यं काही नाही, मी याच भावात देतो. पण पोट्ट्याची माय नाही म्हणते. तिनं पाणी घातलं बगीच्याले. ती म्हणते, ढाक्याले नाही जात तर दिल्लीले जाईन." व्यापाऱ्याने भाव थोडा चढवला. बाबा पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर आले. "नाही ऐकत," ते हताशपणे म्हणाले. असे तीनदा आत-बाहेर झाल्यावर सौदा ठरला. व्यापाऱ्याने सुरुवातीला सांगितलेल्या भावापेक्षा बराच वर.

रात्री युनोभाऊने मायला विचारलं, "तू काय म्हणत होतीस आतून?"

"मी कायले म्हणू? मी तर सकाळपासून वावरात होती."

युनोभाऊला त्या रात्री झोप आली नाही. कारण रॉबर्ट पटनम याने १९८८ मध्ये हेच लिहिलं होतं : वाटाघाटी दोन पाटांवर चालतात, एक बाहेरच्यांशी आणि एक घरच्यांशी. आणि 'घरचे ऐकत नाहीत' असं ज्याला सांगता येतं, त्याला बाहेर जास्त पदरात पाडून घेता येतं. युनोभाऊने या सिद्धांतावर वीस गुणांचं उत्तर लिहून सोळा मिळवले होते. बाबांनी पटनम वाचला नव्हता. शिवाय पटनमला घरचे खरोखर घरी असावे लागत. बाबांना तेवढीही गरज पडली नाही.

यावरून कोणी म्हणेल की त्याचं शिक्षण फुकट गेलं. गावात असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसं वाटत नाही. आमच्या जिल्ह्याला जगाच्या राजकारणापासून वेगळं राहण्याची सोय कधी नव्हतीच. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला १८६२ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं असताना. लिंकनने दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी केली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि आमच्या हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध १८६५ मध्ये संपलं आणि भाव कोसळला. वर चढताना आमच्या कास्तकाराला कोणी कारण सांगितलं नव्हतं, पडतानाही सांगितलं नाही. १९४२ च्या जूनमध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार सेवाग्रामला आठवडाभर राहून गांधींशी युद्धाच्या गप्पा मारत होता. जुलैत काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला. १६ ऑगस्टला आमच्या तालुक्याच्या आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले आणि गोळ्या खाल्ल्या. त्या माणसांना आंतरराष्ट्रीय राजकारणाचा पेपर नव्हता. ते आपोआप येऊन त्यांच्या अंगावर पडलं. युनोभाऊचा फरक एवढाच की तो पडणाऱ्या वस्तूचं नाव सांगू शकतो.

नाव सांगून ती वस्तू चुकवता येत नाही, ही त्याची शोकांतिका आणि आमची करमणूक. युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा टपरीवर कास्तकारांनी त्याला घेरलं : "थांबन का हे?" त्याने पाच शक्यता सांगितल्या, प्रत्येकीला दोन पोटशक्यता. ऐकून घेऊन एकाने विचारलं, "यातल्या कोणत्या शक्यतेत डीएपी येईन?" खताच्या थैलीचा भाव मात्र त्याने बरोबर सांगितला होता, कारण सरकार अनुदान वाढवून तो धरून ठेवील हे त्याचं भाकीत होतं. थैली १३५० ला मिळाली. पण भाकीत खरं ठरल्याचं त्या गर्दीत कोणाच्या लक्षात राहिलं नाही. तो त्याची दर महिन्याला आठवण करून देतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं आणि आपल्या सरकारने कापडगिरण्यांना दिलासा म्हणून परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात. या वेळी गाव हसलं नाही. या वेळी गाव त्याच्या घरी आलं. "युनोभाऊ, एक अर्ज लिहून दे."

त्याने सात पानी अर्ज लिहिला. २००३ मध्ये कानकूनच्या परिषदेत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब कापूसवाल्या देशांनी अमेरिकेच्या अनुदानांविरुद्ध कसा आवाज उठवला, तिथपासून त्याने सुरुवात केली आणि तळेगावच्या रुईपर्यंत आणून सोडलं. खाली प्रती : जागतिक व्यापार संघटना, जिनिव्हा, वाणिज्य मंत्रालय, नवी दिल्ली, जिल्हाधिकारी, तहसीलदार, तलाठी. माहितीस्तव सविनय सादर.

उत्तर एकाच ठिकाणाहून आलं, सगळ्यात खालून. तलाठ्याचा फोन होता : "अर्ज चांगला आहे. सातबारा जोडला नाही."

तर युनोभाऊ सातबारा काढायला रांगेत उभा होता. रांग लांब, ऊन कडक, आणि श्रोते पळून जाऊ शकत नाहीत अशी जागा त्याला क्वचित मिळते. त्याने वेस्टफालियापासून सुरुवात केली. १६४८ साली युरोपातल्या राजांनी तह केला, आणि ज्याचा मुलूख त्याची सत्ता, दुसऱ्याने त्यात पाय घालू नये, असं तिथून मानलं जाऊ लागलं. "थोडक्यात, देशाचा सातबारा तिथं सुरू झाला."

पुढचा म्हातारा वळला. "मंग मोजणी कोणी केली?"

वहीत टिपायला युनोभाऊने पेन काढलं, पण या प्रश्नाचं उत्तर त्याला येत होतं. "तिथलं सोडा. आपल्याकडची सांगतो. फाळणीची रेघ रॅडक्लिफ नावाच्या वकिलाने आखली. १९४७ मध्ये. त्याआधी तो कधी भारतात आला नव्हता. पाच आठवड्यांत काम उरकलं."

"पाच आठवडे?" म्हातारा म्हणाला. "न पाह्यता?"

"नकाशे पाहिले."

"अन् धुऱ्यावर दोन्हीकडचे कास्तकार उभे केले होते का?"

"नाही."

म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. "मंग भांडण लागन नाही तर काय होईन बावा?" मग त्याने युनोभाऊला वर-खाली न्याहाळलं. पहिल्यांदाच त्याच्या नजरेत काहीशी कदर होती. "शुक्रवारी आमच्या धुऱ्याची मोजणी आहे. साहेब येऊन राह्यले, तो शेजारीही येईन. तू ये. शिकला-सवरला माणूस उभा असला म्हणजे वजन पडते."

युनोभाऊचा चेहरा उजळला. त्याने तारीख टिपून घेतली.

"ये," म्हातारा म्हणाला. "फक्त बोलू नको."